मिटलेल्या डोळ्यांचा फोकस

त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात एक माणूस उभा होता. राजशेखरने मोबाइलच्या काचेवर दोन बोटं फाकवून फोटो आणखी मोठा केला. म्हातारा कुठल्यातरी समुद्राकाठचा, परदेशातला, दाढीत मीठ सुकलेला. नव्या कॅमेऱ्याचा नमुना म्हणून कंपनीने त्याचा चेहरा आज सकाळी जगापुढे ठेवला होता. आधी सुरकुत्या आल्या, मग सुरकुत्यांमधली बारीक छिद्रं, मग पापणीचा एकेक केस, मग बुबुळ, बुबुळात खिडकी, आणि खिडकीपुढे स्टँडवर वाकलेला फोटोग्राफर. त्याने टोपी घातली होती. ती उलटी घातली होती, हेही दिसत होतं. राजशेखरने मोबाइल पालथा करून काउंटरवर ठेवला आणि बाहेर पाहिलं. ताडकळसच्या रस्त्यावर बाजाराचा दिवस सुरू झाला होता. मिरच्यांची पोती उतरत होती, पूर्णेची बस हॉर्न दाबून गर्दीला ढकलत होती. सगळं नेहमीच्याच जाडीचं, नेहमीच्याच धुळीचं. पण त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी पाहिलं. त्या परक्या फोटोग्राफरला त्या म्हाताऱ्याने पाहिलं, तसं नव्हे, आपल्याला. मग त्याने डोक्यावरून हात फिरवला, मागून पुढे, उलटा. विचार करताना ही त्याची सवय होती, आणि गेल्या महिन्याभरात, म्हणजे या कॅमेऱ्याची कुणकुण लागल्यापासून, दुपारपर्यंत त्याचे केस पिकात रेडा शिरून गेल्यासारखे व्हायचे.

फोटो स्टुडिओ त्याचाच होता. आत पाय टाकला की डाव्या हाताला आरसा, आरशाखाली पावडरचा डबा, खिळ्याला सुतळीने बांधलेला कंगवा आणि एक काळा कोट. हा कोट पंचक्रोशीतल्या किती माणसांनी घातला होता याचा अंदाज कोटालाही नसेल. गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधी राजशेखर एकच वाक्य म्हणायचा, "केस विंचरून घ्या." सरपंच असो, पोलीस भरतीचा पोरगा असो, बँकेच्या कागदासाठी आलेली म्हातारी असो. टक्कल असलेल्यालाही सवयीने म्हणायचा, आणि तोही बिचारा कंगवा उचलून कानामागून फिरवायचा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर राजशेखरला वाटायला लागलं होतं की आपल्या धंद्याचं सगळं शहाणपण या वाक्यात संपतं. बाकी सगळं कॅमेरा करतो. म्हणून कॅमेरा नीट पाहून घ्यावा.

पाहण्यात त्याने कसूर केली नव्हती. कंपनीने जाहीर केलेली सगळी माहिती त्याला पाठ होती. यूट्यूबवर एक टक्कल पडलेला गोरा माणूस होता. तो येईल त्या कॅमेऱ्याने विटांच्या भिंतीचा फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून दाखवायचा. माणसाचा फोटो त्याने कधीच काढला नव्हता, म्हणून राजशेखरचा त्याच्यावर विश्वास होता. त्याच्याकडे पाहून राजशेखरनेही आपल्या जुन्या कॅमेऱ्याने आडत बाजारातल्या गोदामाच्या भिंतीचे फोटो काढले. भिंत मोठी करून पाहिल्यावर कळलं की गवंड्याने वरच्या दोन ओळी वाकड्या लावल्यात. गोदामाच्या मालकाला दाखवल्यावर तो चार दिवस बोलला नाही. नवा कॅमेरा याच्या कितीतरी पट बारीक पाहणार होता. लग्नातल्या पंगतीचा एक फोटो काढला, तर त्यातून कुठलाही एक चेहरा कापून भिंतीएवढा करता येईल, असं कंपनी म्हणत होती. पंगतीत कुणी जिलेबी खिशात घातली तेही दिसेल. हे ताडकळसला परवडेल का, असा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा शिवकन्येचा होता. शिवकन्या त्याची बायको. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून अल्बम जुळवायची, चेहऱ्यावरचे डाग, फोड, रापलेपण पुसायची. नवरीपासून उमेदवारापर्यंत सगळे तिच्या हाताखालून गुळगुळीत होऊन बाहेर पडत. तिने कॅमेऱ्याची माहिती शांतपणे ऐकून घेतली होती आणि म्हणाली होती, "म्हंजे कंपनीनं जेवढं जास्तीचं दाखवायचं, तेवढं म्या जास्तीचं पुसायचं. असंच ना?"  राजशेखरने डोक्यावरून उलटा हात फिरवला होता.

तिसरा मुद्दा डोळ्यांचा होता, आणि तो त्याने कुणापाशी काढला नव्हता. नवा कॅमेरा आपणहून डोळा ओळखतो. माणूस समोर आला की डोळ्याभोवती एक छोटी चौकट उमटते आणि फोकस तिथेच बसतो. माणसाचा डोळा, जनावराचा डोळा, पाखराचा डोळा. कंपनीने किडेसुद्धा सोडले नव्हते, शिवाय मोटारी, आगगाड्या आणि विमानं. राजशेखरने त्या टकल्याच्या व्हिडिओखाली मोडक्या इंग्रजीत विचारलं होतं की मिटलेल्या डोळ्यावर फोकस बसतो का. जगभरातून कुणीही उत्तर दिलं नव्हतं. केरळच्या एका पोराने तेवढं उलट विचारलं होतं, की भाऊ, कशासाठी.

कशासाठी ते त्या पोराला सांगून समजलं नसतं. राजशेखरच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हार घालतात, आणि बसलेल्या माणसाला न्यावं तसं नेतात. तेवढ्या वेळात कुणीतरी स्टुडिओकडे येतं आणि म्हणतं, अप्पा, कॅमेरा घेऊन चला. राजशेखर जातो. हे त्याचं सगळ्यात शिस्तीचं गिऱ्हाईक. हलत नाही, पाणी मागत नाही, फोटो काळा आला म्हणून भांडत नाही. पण डोळे मिटलेले. आणि तेराव्याच्या आत घरचे येऊन तेच म्हणतात, जे समाजाबाहेरचेही आधार कार्डावरचा पुसट फोटो आणून म्हणतात: अप्पा, डोळे उघडून द्या. राजशेखर उघडून देतो. भावाचे घालतो, मुलाचे घालतो, जवळचं कुणी न जुळलं तर कॉम्प्युटरमधले कुणाचेही. आज सकाळी, त्या परदेशी म्हाताऱ्यामुळे, त्याच्या मनात पहिल्यांदा आलं की या सगळ्या डोळ्यांत कुणीतरी उभं असणार. गावात इतक्या भिंतींवर इतके दिवंगत टांगलेत, आणि प्रत्येकाच्या बुबुळात बारकाईने पाहिलं तर स्टुडिओतला छत्रीचा दिवा, स्टूल, कंगव्याची सुतळी आणि मधोमध वाकलेला राजशेखर. नशीब, की जुन्या कॅमेऱ्यांना ते दिसलं नाही.

"अप्पा, झोपले काय?"

काउंटरपाशी मुंजाजी उभा होता. गावाच्या वेशीजवळ त्याचं शेत आणि शेताला लागून चुलत्याचं. चुलते आश्रुबा मागच्या आठवड्यात गेले होते. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं.

"ह्याच्यात बी डोळे मिटलेलेच हायत," राजशेखर म्हणाला.

"ते जित्तेपनी बी मिटूनच असायचे. आधारवाल्या पोरीनं तीनदा काढला, तिन्ही बारी मिटले. मग तीच म्हनली, ऱ्हाऊ द्या." मुंजाजीने आरशात पाहत मिशी सारखी केली. "तुमी उघडून द्या."

"कुनाचे घालू? तुमचे जमतील. नाकाची ठेवन एकच हाय."

"माझे नको. काकू रोज पूजा करनार, अन् मी समोरून जायचं. बरं दिसत न्हाई." तो जरा घुटमळला. "कुनाचे बी घाला, पन जरा रुबाबाचे घाला. काका लय दबून ऱ्हायले. मेल्यावर तरी काकूनं भ्यावं."

"अन् काकू म्हनल्या हे आमचे न्हाईत, तर?"

"काकूनं चाळीस वर्सं त्यांच्याकडं वर तोंड करून बघितलंच न्हाई. तिला काय कळतंय. अन् कोट घाला. टाय नको, टायनं जीव गुदमरल्यावानी दिसतो."

मुंजाजी गेला. आश्रुबाचा मिटलेला चेहरा काउंटरवर राहिला, त्याच्या शेजारी पालथा मोबाइल. राजशेखरने कार्ड उचलून पाहिलं. या माणसाने एकदाच सरकारपुढे डोळे उघडायचे होते आणि तेही त्याला जमलं नाही, म्हणून आता त्याला कुणाचे तरी रुबाबाचे डोळे लागणार. आपण सोप्या कामाला अवघड म्हणून पैसे घेतो, असं राजशेखर नेहमी म्हणायचा. एकाच माणसाचे डोळे उघडणं त्याला खरंच अवघड गेलं होतं. ते त्याच्या वडिलांचे, मल्लिकार्जुनअण्णांचे.

अण्णांचं बाजारात पूजेच्या सामानाचं दुकान होतं. पोरगा फोटोग्राफर, आणि बापाचा एक धड फोटो नाही, ही गोष्ट तेव्हा गावाला चमत्कारिक वाटली. राजशेखरला ती तशी वाटली नव्हती, कारण त्याच्या लेखी अण्णांचा फोटो काढायचाच होता, फक्त रोलचे कॅमेरे जाऊन डिजिटल यायला लागले होते आणि पहिल्या डिजिटलात रंग फिके येत, दुसऱ्यात सावल्या काळ्या पडत. तिसरा येतो म्हणता म्हणता अण्णा दुकानातच गेले, भस्माच्या गोळ्या बरणीत भरता भरता. घरभर शोधलं. एका लग्नात कुणाच्या तरी फेट्यामागे अर्धे अण्णा होते. रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांत मिळून नखाएवढे होते. मतदार ओळखपत्रावर डोळ्यांच्या जागी दोन ठिपके होते, तेही वेगवेगळ्या उंचीवर. शेवटी बसवलेल्या अण्णांचा फोटो त्यानेच काढला. लोक म्हणाले, पोराचं काळीज बघा. काळीज वगैरे काही नव्हतं. कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटलेला असतो आणि दुसऱ्याला काम असतं, त्यामुळे रडायला मोकळा डोळा राहत नाही, एवढंच. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्याने चुलत्याचे डोळे घालून पाहिले. अण्णा लबाड दिसायला लागले. मामाचे घातले, अण्णा नात्यात लागेनात. मग त्याने स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं, कॅमेरा स्टँडवर लावला, आपोआप फोटो निघायचं बटण दाबलं आणि पळत येऊन स्टुलावर बसला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. तो त्याच्याकडे बघत राहिला. हे डोळे अण्णांना बसले.

लोकांनी तेराव्याला फोटो पाहिला आणि हुबेहूब म्हणून मान डोलावली. मठाच्या स्वामींनी तर या डोळ्यांत पोचलेल्या माणसाची नजर आहे, कशाची तरी वाट पाहणारी, असं सगळ्यांदेखत सांगितलं. वाट लाल दिव्याची होती. फक्त त्याची आई, सिद्धम्मा, नमस्कार करून उठली, पदर सावरला आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "हे तुझे अण्णा न्हाईत. ते बघायचे तर आधी विचारायचे, गल्ल्यात किती जमले. हा तर फोकस बघायलाय." तेव्हापासून ती त्या फोटोपुढे दिवा लावताना जरा तिरकी उभी राहते. शिवकन्या नवी सून असताना तिला वाटलं, सासूची मान आखडलीय. सिद्धम्मा म्हणाली होती, "मान न्हाई गं. पोराम्होरं वाकायला लाज वाटती."

आणि तेराव्याच्या त्याच आठवड्यात तिने राजशेखरला सांगून टाकलं होतं की माझा फोटो मी जिती असताना काढ. मला बसवल्यावर काढू नको. मला कुणाचे डोळे नको, तुझे तर नकोच, माझे मला हायत. हे मागणं इतकं रास्त होतं की राजशेखरने लगेच हो म्हटलं. चांगला कॅमेरा आला की काढू, असंही म्हटलं. त्या वेळी एक चांगला येणारच होता. तो आला तेव्हा त्याच्यापेक्षा चांगला जाहीर झाला. पुढच्यात अंधारात फोटोवर दाणे पडत. त्याच्या पुढच्यात त्वचेचा रंग लाल यायचा, आणि सिद्धम्मा मुळात गोरी. दर दोन-तीन वर्षांनी ती इरकली लुगडं ट्रंकेतून काढायची, गळ्यातलं लिंग पुसायची, भस्माचे तीन पट्टे ओढायची, आणि बस आली का विचारावं तसं विचारायची, "आला का रे कॅमेरा?" राजशेखर सांगायचा, जाहीर झालाय. ती लुगडं परत ठेवायची. लुगड्याच्या घड्या आता विरायला आल्या होत्या. अण्णांच्या फोटोशेजारी भिंतीवर तिने स्वतः खिळा ठोकून घेतला होता. खिळ्याला सध्या शिवकन्या दळणाची पिशवी अडकवायची.

आज सकाळी जेवता जेवता त्याने उत्साहाच्या भरात सांगितलं होतं, की माय, आता आला बघ, ह्याच्यात डोळ्यातला माणूस दिसतो. सिद्धम्मा भाकरी मोडता मोडता थांबली.

"कदी यायचाय?"

"नाव नोंदवायला लागतंय. मग दिवाळीच्या आसपास."

"कुठल्या दिवाळीच्या?"

शिवकन्येला ठसका लागला. सिद्धम्माने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि म्हणाली, "ह्याचा कॅमेरा न् माझं मरन, दोघांची शर्यत लागलीया. मला वाटायलंय मीच पुढं हाय."

"आसं बोलू नको गं," राजशेखर म्हणाला.

"मग कसं बोलू? तू कॅमेऱ्याची बोली बोलतोस, ती मला येत न्हाई." ती उठली, हात धुतला, आणि आत जाऊन ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्याने तो ऐकला होता. त्यात काही नवीन नव्हतं, म्हणून तो स्टुडिओत आला आणि कंपनीचा म्हातारा उघडून बसला.

आता काउंटरमागे बसून त्याने मोबाइल सुलटा केला. म्हातारा तसाच पाहत होता. खाली एक पिवळं बटण होतं. ते दाबलं की नाव नोंदवलं जाणार होतं. राजशेखरने अंगठा बटणावर आणला. घ्यावा. मायचा फोटो जन्मात एकदाच निघणार, तो सगळ्यात बारीक निघावा, यात चूक काय होतं? तिची एकेक सुरकुती यावी. कपाळावरचा चुलीच्या ठिणगीचा डाग यावा. डोळ्यात आपण यावं. मग एकदा तो फोटो निघाला की काही अडचण उरणार नाही. ती म्हणेल, झालं, आता मी मोकळी. त्याचा अंगठा बटणापासून तांदळाच्या दाण्याएवढा वर थांबला. मोकळी. त्याला आठवलं, पोखर्णीच्या एका म्हातारबांनी त्याच्याकडून असाच फोटो हौसेने काढून घेतला होता, चौकट करून घेतली होती, उदबत्तीसाठी खालची फळी मारून घेतली होती, आणि महिन्याभरात त्या फळीवर उदबत्ती लागली. योगायोग होता. म्हातारबा आजारीच होते. पण घरात सगळी तयारी करून ठेवली की पाहुणा येतोच, असं काहीतरी राजशेखरच्या पोटात कुठेतरी बसलं होतं, आणि ते त्याने कधी मोठं करून पाहिलं नव्हतं. फिके रंग, काळ्या सावल्या, अंधारातले दाणे. प्रत्येक कॅमेऱ्यात काहीतरी कमी निघालं होतं. ते निघालं म्हणून त्याला दर वेळी हळूच बरं वाटलं होतं, हे त्याला आता, भर बाजारात, मिरच्यांच्या ठसक्यात कळलं. या कॅमेऱ्याची पंचाईत हीच होती, की त्याच्यात काही कमी सापडत नव्हतं. त्याने पुन्हा माहितीची पानं उघडली आणि घाईघाईने दोष शोधायला लागला. बॅटरी लवकर उतरते, असं एकजण म्हणाला होता. तेवढं पुरेसं होतं का?

त्याने वर पाहिलं तेव्हा रस्त्यापलीकडे, मिरचीच्या पोत्यांच्या वरून, त्याला इरकली लुगडं दिसलं. लुगडं काठी टेकत, बैलगाडीला वळसा घालून, एका पायरीपाशी थांबलं. पायरीवरून कुणीतरी हात दिला आणि ते आत गेलं. पायरी पप्पूच्या स्टुडिओची होती.

पप्पूने तीन वर्षांपूर्वी बरोब्बर समोर दुकान टाकलं होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स, ड्रोन, लग्नाआधीची नदीकाठची शूटिंग. राजशेखर त्याला फोटोग्राफर मानत नसे आणि पप्पूही त्यावर वाद घालत नसे. राजशेखर उठला. मोबाइल काउंटरवरच राहिला, पिवळं बटण उजळलेलं. रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलवाल्याने त्याला काहीतरी म्हटलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

आत सिद्धम्मा बसली होती. स्टुलाला पाठ नव्हती म्हणून पप्पूने स्टूल भिंतीला लावलं होतं आणि मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा सोडला होता. पाठ ताठ, कपाळाला भस्म, गळ्यात पुसलेलं लिंग, पाय वर घेऊन मांडी घातलेली, कारण लोंबकळत्या पायांनी तिला बसवत नाही. राजशेखर दारातच थबकला. या बैठकीचे त्याने किती फोटो काढले होते. फक्त हार नव्हता. तेवढ्यात बसलेली सिद्धम्मा शिंकली.

"मिरच्या," ती पप्पूला म्हणाली. मग दारातल्या मुलाला म्हणाली, "तू कामून आलास? गिऱ्हाईक सोडून."

"माय, घरचा स्टुडिओ असताना…"

"घरच्या स्टुडिओत कॅमेरा यायचाय. हितं आलेला हाय."

पप्पू कानकोंडा झाला. "अप्पा, मी म्हनलो आजीला. आजी म्हनल्या, पोराला फुरसत न्हाई, तू काढ. आता म्हाताऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं."

"ऊठ माय, तिकडं चल. आत्ता काढतो. शप्पथ."

"मी आता उठत न्हाई. गुडघं मोडून बसायला मला लय वेळ लागलाय." तिने मांडी आणखी पक्की केली. "कुनी बी काढा."

राजशेखरने आजूबाजूला पाहिलं. समोर कड्यासारखा गोल दिवा होता आणि कड्याच्या मधोमध स्टँडवर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या बटणावरची अक्षरं पुसली होती आणि कोपऱ्याला काळी पट्टी चिकटवली होती. ती पट्टी त्यानेच चिकटवली होती. सावल्या काळ्या पडतात म्हणून टाकून दिलेला, आणि दुकान टाकताना पप्पूने हातापाया पडून नेलेला हा त्याचाच जुना कॅमेरा होता.

"ह्यो अजून चालतो?"

"रोज चालतो अप्पा. फोकस जरा डावीकडं सरकतो, तेवढं मी मानूस उजवीकडं बसवतो."

"मानूस न्हाई सरकवायचा," राजशेखर म्हणाला, आणि पुढे होऊन कॅमेरा हातात घेतला. हाताने तो लगेच ओळखला. त्याने गोल दिवा थोडा खाली घेतला, बर्फाचा पडदा वर गुंडाळायला लावला, मागे पप्पूची साधी निळी भिंत आली. मग डोळा लावला. चौकटीत सिद्धम्मा होती. कुठलीही छोटी चौकट तिच्या डोळ्यावर आपणहून उमटली नाही. त्याने हाताने फोकस फिरवला, डावीकडची खोड सांभाळून, तिच्या उजव्या डोळ्यावर आणला आणि बटण दाबलं. सिद्धम्माने डोळे मिटले. त्याने पुन्हा दाबलं. तिने पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा ती मिटायची नाही असं ठरवून इतकी ताणून बसली की भुवया कपाळात गेल्या, आणि बटणाचा आवाज होताच मिटले. पप्पू मागे फिरून हसू दाबत होता. राजशेखर मात्र कॅमेऱ्यामागून बाहेर आला नाही. त्याने आजवर काढलेल्या बसलेल्या माणसांपैकी एकानेही पापणी लववली नव्हती. ही दर वेळी लववत होती. त्याला वाटलं, असंच चालू राहावं, पापण्या मिटत राहाव्यात, संध्याकाळपर्यंत, बाजार उठेपर्यंत. आणि त्याच्या लक्षात आलं की त्याचा मोकळा डोळा ओला झालाय आणि कामाचाही.

"आता किती येळ?" सिद्धम्मा म्हणाली. "मिटलेलाच घे. एवढ्या लोकांचे उघडून दिलेस, मायचे उघडशील की."

"न्हाई उघडत," राजशेखर म्हणाला. "तुझे तू उघड."

ती जरा चमकली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याच्या वर जिथे त्याचं कपाळ होतं तिथे, गल्ल्यात किती जमले हे न विचारता कळलेल्या माणसासारखं. त्याने बटण दाबलं.

पप्पूने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. राजशेखरने माउस त्याच्या हातातून घेतला आणि चेहरा मोठा केला. सावल्या काळ्या पडल्या होत्या, ठिणगीचा डाग बरोबर आला होता. आणखी मोठा केला. पापणीचे केस एकमेकांत मिसळले. आणखी. बुबुळाचे चौकोनी तुकडे व्हायला लागले, आणि त्यात दिव्याचं पांढरं कडं दिसलं, आणि कड्याच्या मध्ये काहीतरी काळं.

"काय दिसायलंय?" सिद्धम्माने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुझा डोळा."

"डोळ्यात काय हाय?"

"मी हाय."

"नीट दिसायलास का?"

राजशेखर पडद्याजवळ वाकला. चार-पाच काळे चौकोन होते. त्यातले वरचे दोन बाजूला फुटून उभे राहिले होते. "नीट न्हाई. नुसता ठिपका हाय. केस तेवढे उभे दिसायलेत."

"मग विंचरून यायचं की," सिद्धम्मा म्हणाली. "लोकाला सांगतोस."

पप्पूकडेही खिळ्याला कंगवा होता, सुतळीनेच बांधलेला. राजशेखर आरशापुढे गेला. त्याने पाणी लावून केस बसवले, भांग पाडला, तो वाकडा गेला म्हणून मोडून पुन्हा पाडला. मग येऊन कॅमेऱ्यामागे उभा राहिला.